बोटांवरून रिलीजवर येताना या चुका टाळा

इंडियन राउंडचं बांबूचं धनुष्य किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) काही वर्षं चालवलेला तिरंदाज कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेतो आणि मनगटाला रिलीज, म्हणजे बोटांऐवजी स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) धरून सोडणारं छोटं साधन, बांधतो. पहिल्या आठवड्यात सगळं सोपं वाटतं: ट्रिगर दाबला की बाण गेला. मग ग्रुप (एकत्र बसणारे बाण) फुटायला लागतात, बाण उभ्या रेषेत पसरतात, आणि दोष रिलीजला दिला जातो. बहुतेक वेळा रिलीज ठीक असतो. धनुष्य अजून बोटांसाठी लावलेलं असतं आणि डोकंही बोटांच्याच सवयीत असतं.

बर्लिनच्या 2023 च्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये विजेते ठरले. लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असेल. त्यामुळे गोव्यातही हा बदल करणारे वाढतील, म्हणून हे जरा सविस्तर.

रिलीज कुठे चालतो, कुठे नाही

स्पर्धेत रिलीज फक्त कंपाउंड गटात चालतो. रिकर्व्ह, बेअरबो (नेमाच्या साधनाशिवाय खेळायचा गट) आणि इंडियन राउंड बोटांनीच खेळायचे असतात. रिकर्व्हच्या सरावात रिलीज वापरून पाहण्यात काही हशील नाही, हाताला नको ती सवय मात्र लागते.

दुसरी गोष्ट शिकारीची. रिलीजबद्दलचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतल्या धनुष्य-शिकाऱ्यांनी केलेले आहेत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार शिकार गुन्हा आहे. नेत्रावळी, म्हादईसारख्या अभयारण्यांत तर नाहीच, पण बागायतीत उतरणाऱ्या रानडुकरावरही स्वतःहून बाण सोडता येत नाही. शिवाय त्या व्हिडिओंतला सल्ला झाडावरून जवळच्या जनावरावर एकच बाण सोडणाऱ्यासाठी असतो. आपल्याला 50 मीटरवर 72 बाण सारखे सोडायचे असतात. छोटं धनुष्य आणि हलका ट्रिगर तिथे सोयीचे असतील, इथे ते त्रास देतात.

धनुष्य तसंच ठेवून फक्त रिलीज लावणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बोटांवरून सुटताना स्ट्रिंग थोडी बाजूला घसरते, म्हणून बाण आडवा वाकत निघतो. टॅब (बोटांवरचं चामडं), प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची कळ), बाणाचं टोक किंचित बाहेर ठेवणं, ही सगळी मांडणी त्या आडव्या वाकण्यासाठी असते. रिलीज स्ट्रिंगला नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) मागे एकाच बिंदूतून सरळ सोडतो. बाण वाकतो तो मुख्यतः वर-खाली. म्हणजे जुनी मांडणी आता नसलेल्या दोषावरचा उपाय होऊन बसते.

त्यामुळे क्रमाने हे बदला:

- प्लंजर आणि बाजूचा रेस्ट (बाण टेकतो तो आधार) काढून खालून आधार देणारा ब्लेड किंवा खाली पडणारा रेस्ट लावा.
- बाण स्ट्रिंगच्या सरळ रेषेत आणा. बऱ्याच कंपाउंडवर रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या दांड्यापासून) बाणाच्या मध्यापर्यंत सुमारे 20 मिलिमीटर ही चांगली सुरुवात असते.
- नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर नॉक बसतो ती जागा) खाली घ्या. बोटांसाठी तो काटकोनापेक्षा बऱ्यापैकी वर असतो, रिलीजसाठी काटकोनात किंवा 3 ते 6 मिलिमीटर वर पुरतो.
- ड्रॉ लेंग्थ (स्ट्रिंग मागे ओढली जाते ती लांबी) कमी करा.

या शेवटच्या मुद्द्यावर बहुतेकांची गाडी अडते. बोटांनी ओढताना स्ट्रिंग बोटांच्या पेरात असते. रिलीजमध्ये मूठ स्ट्रिंगच्या बरीच मागे जाते, कारण मध्ये लूप (रिलीज अडकवायचा दोरीचा छोटा फास, म्हणजे डी-लूप) आणि रिलीजचं डोकं असतं. मूठ जबड्याशी जुन्याच जागी आणली तर स्ट्रिंग चेहऱ्यापासून पुढे राहते. मग तिरंदाज स्ट्रिंग नाकापर्यंत आणण्यासाठी मूठ कानामागे नेतो, पाठ मागे कलते, उजवा खांदा वर चढतो. साधारण अर्धा ते एक इंच ड्रॉ लेंग्थ कमी करावी लागते. बहुतेक कॅमवर (कंपाउंडच्या टोकांच्या चाकांवर) हे मॉड्यूल (चाकावरचा छोटा भाग) बदलून किंवा सरकवून अर्ध्या-अर्ध्या इंचाने होतं. बरोबर लेंग्थ ओळखायची खूण अशी: स्ट्रिंग नाकाच्या टोकाला हलकी टेकते, मूठ जबड्याच्या हाडाशी बसते आणि समोरून पाहणाऱ्याला तुमचं डोकं सरळ दिसतं. डोकं पुढे-मागे नेऊन स्ट्रिंग गाठावी लागत असेल तर लेंग्थ अजून चुकीची आहे.

पीप (स्ट्रिंगमधलं बघायचं छिद्र) यानंतरच बसवा. डोळे मिटून ओढा, अँकर घ्या (मूठ जबड्याशी ठरल्या जागी टेकवा), मग डोळे उघडा. पीपमधून साइटचा (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाचा) गोल मधोमध दिसला पाहिजे. मान हलवून बघावं लागलं तर पीप हलवा, मानेला शिकवू नका. साइटच्या जुन्या खुणा पुसून टाका आणि 5 मीटरपासून नव्याने लावा. बाणाच्या स्पाइनची (ताठपणाची) घाई नको. बोटांसाठी निवडलेले बाण रिलीजसाठी सहसा थोडे ताठ ठरतात, पण सुरुवातीला चालतात.

डी-लूप

रिलीजचा जबडा थेट स्ट्रिंगवर लावला तर सर्व्हिंग (स्ट्रिंगवरचं दोऱ्याचं वेष्टण) झिजते आणि स्ट्रिंग पिळली जाऊन पीप फिरतो. डी-लूप हवाच, आणि तो त्यासाठीच बनवलेल्या 2 मिलिमीटरच्या दोरीचा हवा. हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची दोरी वापरू नका. सुमारे 11 सेंटिमीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं वितळवून गोल गाठी करा. नॉकच्या वर आणि खाली एकेक फास घाला, दोन्ही फास स्ट्रिंगच्या विरुद्ध बाजूंनी उघडणारे. मग पकड लूपमध्ये घालून उघडत ताण द्या. आतली जागा सुमारे 12 मिलिमीटर राहिली पाहिजे.

टोकाची गाठ छोटी राहिली तर पूर्ण ओढल्यावर दोरी फासातून निसटते. तेव्हा मूठ तोंडावर येतेच, शिवाय बाण नीट न सुटता धनुष्याचा सगळा जोर लिंबांवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवर) जातो. म्हणून नव्या लूपवर पहिले काही बाण बटाच्या (लक्ष्यामागच्या गादीच्या) अगदी जवळून, ओढीचं वजन कमी करून सोडा. लूप नॉकला चिमटत असेल तर बाण रेस्टवरून उचलला जातो, तिथे किंचित फट ठेवा.

ट्रिगर मारणं

बोटांनी खेळणारा ठरवून सोडतो: साइटची पिन लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर आली की बोटं सैल. ही सवय ट्रिगरवर आली की तिचं "मारणं" होतं. पिन पिवळ्याला शिवते त्या क्षणी बोट झटका देतं, मूठ हलते, डावा हात आधीच धक्क्याची वाट बघत खाली दबतो. 10 मीटरवर हे कळत नाही. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं असतं, तिथे सगळं उघडं पडतं. पुढे पिन पिवळ्याच्या खालीच अडकून बसते, वर न्यायला हात तयार होत नाही. इंग्रजीत ज्याला टार्गेट पॅनिक म्हणतात ते हेच, आणि एकदा लागलं की काढायला महिने जातात. म्हणून ते लागूच नये यासाठी सुरुवातीचे आठवडे द्या.

तर्जनीच्या ट्रिगरवर बोटाचं टोक ठेवू नका. टोकाला फार जाणीव असते, ते झटका देतं. पट्टा इतका आवळा की ट्रिगर पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये येईल, मग बोट आकड्यासारखं वाकवून स्थिर ठेवा आणि पाठीने ओढत राहा. कोपर मागे सरकतो, मूठ थोडी लांबते, ट्रिगर आपोआप दबतो. अंगठ्याच्या रिलीजवर ट्रिगर अंगठ्याच्या बुडाशी ठेवा, टोकाशी नाही. ट्रिगर हलका ठेवणं हा उलटा उपाय आहे. हलक्या ट्रिगरवर बोट ठेवायची भीती वाटते, आणि भीतीने झटका वाढतो. जरा जड ठेवा, म्हणजे बोट निर्धास्त टेकवता येईल.

सराव आधी दोरीवर. ड्रॉ लेंग्थइतका दोरीचा फेरा करा, एक बाजू धनुष्याच्या हाताच्या बेचक्यात, दुसरी रिलीजमध्ये. अँकर घ्या आणि दोन्ही बाजूंनी हळू ताणा. मग 3 ते 5 मीटरवरून, कागद न लावलेल्या बटावर, डोळे मिटून. दोन-तीन आठवडे रोज 30 ते 40 बाण पुरेत. नंतर 10, 18, 30 आणि मग 50 मीटर. मध्येच झटका परत आला तर पिन पिवळ्यावर धरून बाण न सोडता खाली उतरवण्याचा सराव करा.

ओढतानाच सुटलेला बाण

ओढताना तर्जनी ट्रिगरच्या मागे ठेवा, अँकर घेईपर्यंत पुढे आणू नका. हिंज प्रकारच्या रिलीजला ट्रिगरच नसतो, तो फिरला की सुटतो. ओढताना अंगठा खुंटीवर आणि भार तर्जनीवर हवा. भार अनामिकेवर गेला तर रिलीज ओढतानाच फिरतो आणि मूठ दातांवर आदळते. म्हणून सुरुवात हिंजने करू नका. कुठलाही रिलीज असो, ओढताना बाण कायम बटाकडेच रोखलेला हवा. पहिला महिना लिंब बोल्ट (ओढीचं वजन ठरवणारे स्क्रू) दोन्हीकडे सारखेच दोन-तीन फेरे सैल करा, पण उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच.

मागे चिऱ्यांची भिंत असेल तर या दिवसांत एखादा बाण तिच्यावर बसणारच. असा कार्बन बाण परत वापरण्याआधी कानाजवळ धरून हलका वाकवा आणि पिळा. कुरकुर ऐकू आली तर तो मोडून टाका. तडा गेलेला बाण सुटताना फुटून हातात घुसू शकतो.

इथली हवा

खाऱ्या हवेत रिलीजच्या आतले पोलादी भाग गंजतात आणि ट्रिगर कधी जड, कधी हलका होतो. जून ते सप्टेंबर तर हे हमखास. खेळून झाल्यावर घाम पुसा, रिलीज कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. खोबरेल घालू नका, ते दाटतं आणि धूळ धरतं. उत्पादकाने सांगितलेलं कोरडं वंगण थेंबभर पुरतं. चामडी पट्ट्याला बुरशी धरते, त्यापेक्षा नायलॉनचा बरा. मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका, तिथल्या उष्णतेने स्ट्रिंग लांबते, पीप सरकतो आणि लिंबही खराब होऊ शकतात. डी-लूपवर केसाळ तंतू दिसले किंवा रिलीजचा जबडा बसतो तिथे दोरी चपटी झाली की तो त्याच दिवशी बदला. नवा लूप बांधला की नॉकिंग पॉइंटची उंची पुन्हा मोजा, मगच साइटला हात लावा.