लाईटचं बिल अचानक वाढलं? आधी रीडिंग

आपल्या इंदूरमध्ये बिलाचा आकडा बघून डोकं फिरलं की पहिलं काम एकच. मोबाईल घेऊन मीटरपाशी जा आणि आजच्या रीडिंगचा फोटो काढा. एसीवाल्याला फोन नंतर, शेजारी विचारपूस नंतर, झोनवर, म्हणजे वीज कंपनीच्या आपल्या भागातल्या ऑफिसात, जाणं तर त्याहून नंतर. गेल्या उन्हाळ्यात माझं नेमकं हेच राहिलं. कूलरची मोटर बदलली, एसीची सर्व्हिसिंग करून घेतली, फ्रिजचं रबर बदललं. मग तक्रार घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न आला की या दुरुस्त्यांच्या आधी रोज किती युनिट पडत होते? सांगायला काहीच नव्हतं. दोष मीटरचा होता की कूलरचा, हे आता कधीच कळणार नाही. म्हणून रीडिंग आधी, दुरुस्ती मागून.

फोटोत मीटरचा नंबर आलाच पाहिजे. डिस्प्लेवर आकडे फिरत राहतात: तारीख, व्होल्टेज, केव्हीएएच, महिन्यातली सर्वांत जास्त मागणी. घाईत भलताच आकडा टिपला जातो. आपल्याला केडब्ल्यूएच हवा, तेच युनिट. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दुसरा फोटो घ्या, वजाबाकी केली की दिवसाचा खप हाती येतो. या दोन फोटोंच्या मधे घरातलं काहीही बदलू नका. एसी रोज चालतो तसाच चालू द्या. बिलाच्या धास्तीने त्या दिवशी सगळं बंद करून बसलात, तर मोजलेला आकडा कशाचाच नाही.

आता बिल नीट वाचा. ते हिंदीत असतं आणि आपण फक्त खालची रक्कम बघतो. बिलावरचा मीटर नंबर फोटोतल्या नंबराशी जुळवा. रामबागेतल्या जुन्या वाड्यांत किंवा कुठल्याही मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, जिन्याखाली एकाच बोर्डावर ओळीने मीटर असतात. नवे मीटर बसवताना वायरी इकडच्या तिकडे झाल्या, तर शेजाऱ्याचा एसी तुमच्या नावावर चालतो. मग रीडिंग बघा. आजची रीडिंग बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी असेल तर बिलच चुकलंय, पुढचं काही करायची गरज नाही. रीडिंग न घेता सरासरीने बिल लावलंय का, मागची बाकी जोडलीय का, किती दिवसांचं बिल आहे, हेही तपासा. ‘सुरक्षा निधि’ या ओळीत रक्कम असेल तर ती विजेची किंमत नाही, वापर वाढल्यावर मागितलेली वाढीव अनामत आहे. आणि तुलना मागच्या महिन्याशी करू नका. मेचं बिल मागच्या वर्षीच्या मेशी ताडून बघा.

इंदूरमधल्या पुष्कळ घरांत खरं कारण १५० युनिटांच्या रेघेपाशी सापडतं. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये पडतात. १५० ओलांडले की त्या महिन्याची ती सवलत सगळीच जाते. म्हणजे वापर १४५ वरून १६० झाला तरी बिलात वाढ फक्त पंधरा युनिटांची नसते. शिवाय ५०, १५० आणि ३०० या टप्प्यांवर दर चढतो, आणि १५० च्या पुढे ‘नियत प्रभार’ (युनिटांच्या किमतीशिवाय लागणारा स्थिर आकार) हाही वापराबरोबर वाढतो. दर १५ युनिट म्हणजे ०.१ किलोवॅट भार, असा तो हिशेब आहे. वापर दीडपट झाला तर बिलही दीडपटच हवं, हे आपल्याकडे खरं ठरत नाही. हे समजून न घेता मीटरला शिव्या घालू नका. पण त्यासाठी रोजचे युनिट माहीत हवेत, म्हणजे पुन्हा तेच: दोन फोटो, चोवीस तासांच्या अंतराने.

बिल बरोबर आणि तरी युनिट जास्त, तर घराकडे वळा. मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. तो थांबला तर खप घरातलाच आहे. लुकलुकत राहिला तर मीटर आणि मेन स्विचच्या मधे कुठेतरी गळती आहे किंवा कुणाची तरी जोडणी आहे. जिन्यातला दिवा आणि सगळ्यांच्या बोरिंगची मोटर एकाच घराच्या मीटरवर असल्याचं अशा वेळीच उघड होतं. इथे हात घालू नका, माहीतगार इलेक्ट्रिशियन बोलवा. मीटरचं सील तर कुणालाही तोडू देऊ नका, वीजचोरीचं प्रकरण अंगावर येऊ शकतं.

घरातलंच असेल तर सगळे एमसीबी (बोर्डावरचे छोटे स्विच) खाली पाडा, मेन चालू करून ते एकेक वर करत जा आणि दर वेळी मिनिटभर दिवा मोजा. एका युनिटला किती पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते मीटरवर छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. त्या मीटरवर मिनिटाला दहा वेळा लुकलुकला तर साधारण १९० वॅट जात आहेत. सगळे म्हणतात ‘काहीच चालू नाही’, आणि दिवा लुकलुकत असतो. सेट-टॉप बॉक्स, वायफाय, जुनी बॅटरी चार्ज करत बसलेला इन्व्हर्टर. दहा वॅटची वस्तू अखंड चालू राहिली तर महिन्याला सात युनिट खाते, आणि १५० च्या रेघेवर असलेल्या घराला सात युनिट पुष्कळ झाले.

पाण्याच्या मोटरकडे कुणी बघत नाही, तुम्ही बघा. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, हौदातून गच्चीवर चढवावं लागतं. एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला जवळपास एक युनिट घेते. हौदातला वाल्व्ह गळका असेल तर चढलेलं पाणी परत उतरतं आणि तीच मोटर पुन्हा चालते. मे महिन्यात बोरिंगची पातळी खाली गेली की तीच टाकी भरायला दुप्पट वेळ लागतो. टाकी भरायला किती मिनिटं लागली ते लिहा, आणि हो, मोटर लावायच्या आधी आणि नंतर रीडिंग लिहा. आधीचीही. नुसती नंतरची घेऊन काही कळत नाही.

बाकीचं भराभर. गीझर दोन हजार वॅटचा, तासाला दोन युनिट. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर तो थांबतच नाही. जुना दीड टनी एसी तासाला दीड युनिटाच्या आसपास. कूलर एवढा खात नाही, पण रात्रंदिवस चालतो. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर रबर गेलं. पण बदलू नका अजून! दोन्ही फोटो झाले का?

सगळं झालं आणि तरी जुळत नसेल तर १९१२ वर तक्रार, तक्रार क्रमांक लिहून घ्या, बिलावरचा आयव्हीआरएस नंबर, म्हणजे तुमचा ग्राहक क्रमांक, जवळ ठेवा. झोनवर लेखी अर्ज देऊन मीटर तपासणी मागा, प्रतीवर शिक्का घ्या, फोटोंची छापील प्रत जोडा. वाद चालू असताना बिल अडवून ठेवू नका, लाईट कापतात. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, जी कमी असेल ती, हरकत नोंदवून भरता येते. त्यानेही झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण फोरम, आणि त्यानंतर भोपाळला विद्युत लोकपाल.