बटणाच्या फोनवर घर चालवताना या चुका टाळा

गॅसच्या नोंदणीला नवऱ्याचा नंबर, बँकेत कधीच बंद पडलेलं जुनं सिम, आधारला मुलाचा नंबर. स्मार्टफोन नसलेल्या घरांतल्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात, आणि खापर मात्र बिचाऱ्या फोनवर फुटतं.

एका कागदावर आधार, बँक, गॅस, वीज, शाळा असं लिहा आणि प्रत्येकापुढे आज कुठला नंबर नोंदवला आहे ते मांडा. मग दिवसभर घरात असणारा एकच नंबर ठरवून सगळीकडे तोच द्या. सुरुवात आधारपासून. आधार सेवा केंद्रात स्वतः गेलात तर जुना नंबर बंद असला तरी बिघडत नाही. ओळख बोटांच्या ठशांवरून पटवतात. बँकेसाठी शाखेत अर्ज द्यावा. महावितरणसाठी, ज्या नंबरची नोंद करायची त्याच नंबरवरून, इंग्रजी अक्षरांत एमआरईजी (MREG), एक मोकळी जागा आणि 12 अंकी ग्राहक क्रमांक असा मेसेज 9930399303 वर पाठवायचा.

हँडसेट घेताना सिम कुठलं आहे ते आधी बघा. जिओचं 2जी नेटवर्कच नाही, त्यामुळे साध्या 2जी फोनमध्ये ते सिम घातलं की नेटवर्कची एक दांडीही दिसत नाही. फोन बदलून मागण्यापेक्षा खोक्यावर 4जी व्होल्टी (VoLTE, म्हणजे 4जीवरून कॉल चालणारा) लिहिलेला कीपॅड फोनच घ्यावा.

ओटीपी येत नाही ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. आधी रिचार्ज संपला का ते बघा, मग इनबॉक्स. बऱ्याच साध्या फोनमध्ये ठरावीक संख्येइतकेच मेसेज मावतात. साठा भरला की नवा मेसेज आत येतच नाही, कोपऱ्यात फक्त पाकिटाचं चित्र लुकलुकत राहतं. दर रविवारी जाहिरातींचे मेसेज पुसा. सेटिंगमध्ये मेसेज साठवायची जागा ‘सिम’ असेल तर ‘फोन’ करा, कारण सिमवर फारच थोडे मावतात. दुसरी भानगड अक्षरांची. इंग्रजी मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. म्हणून मराठी मेसेज तुकड्यांत येतो, आणि फोनमध्ये देवनागरी नसेल तर नुसते चौकोन दिसतात. बँकेला आणि गॅस एजन्सीला मेसेजची भाषा इंग्रजी करायला सांगा. मराठीचा अभिमान इथे थोडा बाजूला ठेवावा.

रिचार्जला इंटरनेटचे पैसे भरणं ही निव्वळ उधळपट्टी. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, नाव घेऊन मागावा लागतो. संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. नंबर 90 दिवस वापरात नसला तर बंद होऊ शकतो, आणि पुढे तो दुसऱ्याला मिळाला की तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे जातात.

सिलिंडर बुक केल्यावर डिलिव्हरीचा कोड मेसेजने येतो. पुण्यातलंच उदाहरण, फोन हिंजवडीच्या ऑफिसात आणि सिलिंडर कोथरूडच्या दारात, अशी वेळ आली की टाकी परत जाते. घरातच राहणारा नंबर म्हणतो तो यासाठी. इंडेन असेल तर 7718955555 वर फोन करून बुकिंग होतं.

पैसे द्यायला यूपीआय 123पे आहे, म्हणजे इंटरनेटशिवाय साध्या फोन कॉलवरून बँकेतले पैसे पाठवायची सोय. 080-45163666 वर फोन लावायचा, भाषा आणि बँक निवडायची, डेबिट कार्डाच्या आधारे एकदा पिन तयार करायचा. फोनमध्ये दोन सिमं असतील तर कॉल बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच जायला हवा. नोंदणी अडते ती बहुधा याच ठिकाणी. पिन फक्त बटणांनी दाबायचा, तोंडाने कुणालाही सांगायचा नाही.

शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा खरा डोकेदुखीचा विषय. ‘आम्हाला कळवा’ एवढं सांगून भागत नाही, कारण वर्गशिक्षिकेला चाळीस पालक सांभाळायचे असतात. वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज द्या: सूचना मुलाच्या डायरीत लिहाव्यात, अचानक सुट्टी जाहीर झाली तर या नंबरवर फोन करावा. शिवाय त्याच वर्गातल्या एका पालकांशी वेळ ठरवा, समजा रात्री साडेआठ, आणि फोन तुम्हीच करा. त्यांनी करायचा ठरवलात तर आठवड्याभरात ते विसरतील.

प्रवासाचं फारसं अवघड नाही. पुण्यात पीएमपीच्या शहर बसमध्ये सुटे पैसे ठेवा; दिवसभर फिरायचं असेल तर दैनिक पास वाहकाकडेच मिळतो. मेट्रोचं कागदी तिकीट खिडकीवर मिळतं, फक्त ते क्यूआरच्या मधोमध दुमडू नका, नाहीतर बाहेर पडताना गेट वाचत नाही.