आजोबांच्या टी-पेशी आणि माझा चुकलेला आलेख

फ्लूची लस नातवाला जेवढी लागू पडते तेवढी आजोबांना का नाही, एवढ्या प्रश्नावर मी पीएचडीला लागले. टी-पेशी, म्हणजे रक्तातली रोगप्रतिकारक पेशी, जागी झाली की भराभर दुणावते, त्यासाठी ग्लुकोज जास्त जाळते, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) वाढवते. म्हातारपणी ही भट्टी नीट पेटत नाही, असं वाचलं होतं.

पहिलं वर्ष पेशींचा ऊर्जाखर्च मोजणाऱ्या सीहॉर्स यंत्रापुढे गेलं. ज्येष्ठांच्या आणि पंचविशीतल्यांच्या टी-पेशी एकाच प्लेटवर ठेवल्या आणि फरक ठसठशीत आला. आलेख घेऊन मॅडमकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, "यात नाइव्ह किती गं?"

मोजल्याच नव्हत्या. नव्या टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी तरुणपणीच आकसू लागते, त्यामुळे उतारवयात नाइव्ह, म्हणजे अजून जंतूशी गाठ न पडलेल्या कोऱ्या पेशी कमी आणि जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या मेमरी पेशी जास्त. दोघींचा ऊर्जेचा खर्च मुळातच वेगळा. मी वय नव्हे, मिश्रण मोजलं होतं.

म्हणून सीहॉर्सच्या आधी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पृष्ठभागावरच्या खुणांवरून पेशी ओळखून मोजण्याचं तंत्र, शिका. नुसती सीडी४५आरए ही खूण बघून पेशीला नाइव्ह म्हणू नका. वृद्धांतल्या पुष्कळ मुरलेल्या पेशी ती खूण पुन्हा अंगावर घेतात, तेव्हा सीसीआर७ ही नाइव्ह पेशींवरची दुसरी खूण सोबत बघाच. अशा पेशी वाढवण्यात सीएमव्ही (सायटोमेगॅलो) या शरीरात जन्मभर दबून राहणाऱ्या विषाणूचा हात मोठा. परदेशी अभ्यासांत संसर्ग झालेले आणि न झालेले असे गट पाडतात. आपल्याकडे बहुतेक प्रौढांना तो होऊन गेलेला असतो, दुसरा गट आणायचा कुठून? आणि हो, ज्येष्ठ सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, पोरं दुपारी वडापाव खाऊन. वेळ एकच ठेवा.

वाचनाची सुरुवात २०१८ च्या उंदरांवरच्या कामापासून करा. म्हाताऱ्या नाइव्ह पेशींत एक-कार्बन चयापचय, म्हणजे दुणावायला लागणारा डीएनएचा कच्चा माल पुरवणारी रासायनिक साखळी, लंगडं पडतं, आणि त्या साखळीतले फॉर्मेट व ग्लायसिन हे पदार्थ दिले की त्या बऱ्यापैकी सावरतात. मग २०१४ ची माणसांवरची चाचणी: एमटॉर हे पेशीच्या वाढीवर ताबा ठेवणारं प्रथिन दाबणारं एव्हरोलिमस हे औषध थोड्या मात्रेत दिल्यावर ज्येष्ठांचा फ्लू-लसीचा प्रतिसाद सुमारे २० टक्के सुधारला. हुरळू नका, त्याच वाटेवरचं दुसरं औषध २०१९ मध्ये चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात आपटलं. दवाखान्यात तोवर साधाच उपाय चालला: ज्येष्ठांसाठीच्या जास्त मात्रेच्या फ्लू-लसीत विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं प्रतिजन (शरीराला ओळख पटवणारा विषाणूचा अंश) १५ ऐवजी ६० मायक्रोग्रॅम.

मी नाइव्ह पेशी वेगळ्या काढून पुन्हा मोजलं. फरक निम्म्याहून कमी झाला, पण उरला. प्रबंध त्या उरलेल्यावरच लिहिला.