मुलांचे आउटडोअर फोटो: लेन्सच्या आधी शेत ओळखा

मुलांच्या फोटोग्राफीत नव्यानं येणारी पोरं पहिल्यांदा लेन्सचं विचारतात. लातूर, परभणी, बीडकडं काम करायचं असेल तर मी सांगतो, आधी आपल्या तालुक्यात कोणतं फूल कधी येतं ते पाठ करा. दसऱ्याच्या आसपास तरवड आणि झेंडू, थंडीत जवस, त्यामागोमाग करडई, शिमग्याच्या तोंडावर पळस, उन्हाळ्यात बहावा आणि गुलमोहर. इतका सुंदर बॅकड्रॉप कुठल्याही स्टुडिओत मिळणार नाही.

फुलाची वेळ मात्र पाळावी लागते. जवसाची निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. ‘बाळाची आंघोळ, जेवण उरकून अकराला निघतो’ असं आई म्हणाली, तर बुकिंगच्या वेळीच समजावून सांगा. अकराला निळं फारसं उरत नाही, आणि ऊनही डोक्यावर आलेलं असतं.

सूर्यफुलाचं गणित वेगळं. पूर्ण उमललेली फुलं पूर्वेकडं तोंड करून राहतात. म्हणून मी सूर्यफुलाचं शेत संध्याकाळसाठी ठेवतो. कॅमेरा पश्चिमेकडं धरला की फुलांची तोंडं आपल्याकडं असतात, सूर्य मुलाच्या पाठीमागं येतो, केसांना सोनेरी कड मिळते आणि डोळे बारीक होत नाहीत. चेहऱ्यावर उजेड टाकायला थर्माकोलची पांढरी शीट पुरते. सकाळी त्याच जागी मूल उन्हाकडं तोंड करून कपाळाला आठ्या घालून उभं राहील. झाडाखाली बसवताना कवडसे टाळा; गालावर पडलेला उन्हाचा ठिपका एडिटिंगमध्ये नीट जात नाही.

करडईच्या पानांना काटे असतात. मुलाला पिकात न घालता बांधावर बसवा आणि ८५ मिमीच्या आसपासची लेन्स लावून लांबून काढा, मागं पिवळा-केशरी रंग छान पसरतो. गाजरगवताची बारीक पांढरी फुलं फोटोत गोड दिसतात, पण त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास होतो. तिथं मुलाला नेऊच नका. कण्हेर आणि धोतरा विषारी, रुईचा चीक डोळ्यांना घातक. लहान मूल हातातलं फूल तोंडात घालतंच, म्हणून ही चार नावं पक्की लक्षात ठेवा. शेतमालकाची परवानगी घेताना फवारणी कधी झाली तेही विचारा. एवढ्यात झाली असेल तर ते शेत सोडा, फुलं कितीही भरात असोत.

मुलाला ‘इकडं बघ, हस’ म्हणू नका. त्याला काम द्या. पळसाखाली एका चिमुरडीला मी म्हणालो, ‘आजीला रंग करायचाय, फुलं वेचून दे.’ ती उकिडवी बसली, फ्रॉकचा ओचा केला, एकेक फूल उचलून देठाकडून फुंकर मारून माती उडवू लागली. जीभ ओठाच्या कोपऱ्यात आलेली. मी जमिनीवर पालथा पडून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होतो. शटर १/५००, फोकस जवळच्या डोळ्यावर. तिच्या आईनं भिंतीवर लावायला तोच फोटो निवडला.

फोटो आपल्या पेजवर टाकायचे असतील तर आई-वडिलांची परवानगी लेखी घ्या, तीही शूटच्या आधी. नाही म्हणाले तरी काम तितक्याच मनापासून करा.