वाळू आणि पाणंद, दोन्हीकडे चालणारी डर्ट बाइक घेताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणीकडची दोन-चार पोरं गाडी घेण्याआधी माझ्याकडे विचारायला येतात. बोलणं सुरू होतं ते जैसलमेरच्या वाळूपासून. सम गावाजवळच्या टेकड्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात, मागच्या चाकामागे उडणारी वाळू डोळ्यांत भरलेली असते. मी विचारतो, "वर्षातले किती दिवस तिकडे जाशील?" उत्तर येतं, "चार-पाच दिवस, काका." उरलेले सगळे रविवार मात्र राजहंसगडाच्या बाजूची तांबडी माती, खानापूरकडच्या पाणंदी, जांभ्याचे चढ आणि उन्हाळ्यात उघडं पडणारं नदीचं पात्र यांतच जाणार असतात. गाडी त्या रविवारांसाठी घ्यायची आणि वाळूसाठी तयार करायची, हे माझं ठाम मत आहे. उलटं करणाऱ्यांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

पहिली चूक: सीसी बघून भुलणं

४५० सीसीची मोटोक्रॉस गाडी, म्हणजे निव्वळ कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी, मोठ्या टेकड्यांवर राणीसारखी चालते, यात शंका नाही. मऊ वाळू चाकाला सतत मागे ओढते, तिथे ताकद लागतेच. पण हीच गाडी जांभ्याच्या अरुंद चढावर आणली की हाल सुरू होतात. मोटोक्रॉसचे गिअर एकमेकांच्या जवळ असतात आणि पहिला गिअरही उंच असतो. हळू चालवायचं तर सारखा क्लच दाबावा लागतो. रेडिएटरला बहुतेक वेळा पंखा नसतो, त्यामुळे दहा मिनिटांत कूलंट उकळतं. टाकी सहा-सात लिटरची, आणि वाळूत पेट्रोल भराभर संपतं. इंजिनची देखभाल किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजायची असते. पिस्टनसुद्धा तासांच्या हिशेबानं बदलावा लागतो.

दोन्हीकडे चालायचं तर एन्ड्युरो (लांबच्या कच्च्या वाटांसाठीची) किंवा ड्युअल-स्पोर्ट (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीची) प्रकार बघा. गिअर लांब-लांब असतात, त्यामुळे पहिल्यात चढ रांगत चढता येतो आणि वरच्या गिअरमध्ये सपाट वाळू कापता येते. एक बारकी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मोठ्या मोटोक्रॉस गाडीचं मागचं चाक १९ इंची असतं, एन्ड्युरोचं १८ इंची. रिम लहान, म्हणून टायरची भिंत उंच. हवा कमी केली की हीच भिंत दगडावर दबते आणि रिम वाचते. पुढचं चाक मात्र २१ इंचीच हवं.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांत हीरोची एक्सपल्स २०० घ्या. पुढे २१, मागे १८, वजन १६० किलोच्या आतबाहेर. नदीच्या वाळूत आणि लहान टेकड्यांवर ती नीट चालते. मोठ्या टेकडीच्या उभ्या चढावर तिचा दम संपतो, हे आधीच मान्य करून घ्या. तिचे स्पेअर तालुक्याच्या गावातही मिळतात, आणि माझ्या लेखी ही बाब दहा हॉर्सपॉवरपेक्षा मोठी आहे.

पासिंगचा विचार न करणं

कावासाकीच्या केएक्ससारख्या निव्वळ स्पर्धेच्या गाड्यांचं पासिंग होत नाही. बेळगावची केए-२२ नंबराची पाटी लागणार नाही म्हणजे घरापासून शेतापर्यंतचा डांबरी रस्ताही बंद. दर वेळी पिकअप बोलवावी लागेल. स्वतःचं रान असेल, पिकअप दारात असेल, तर खुशाल घ्या.

वजन आणि उंची शोरूममध्ये मोजणं

शोरूमच्या फरशीवर स्टँड काढून गाडी उभी केली, दोन्ही पाय टेकले, झालं समाधान. वाळूत पाय टेकला की तो चार बोटं आत जातो. जांभ्याच्या चढावर डावीकडची जमीन उजवीकडच्यापेक्षा वीतभर खाली असते. म्हणून उंच सीटला घाबरू नका, पण एका बाजूचा चवडा तरी पक्का टेकायला हवा.

वजनाची परीक्षा याहून सोपी आहे. मालकाला विचारून गाडी गवतावर हळूच आडवी करा आणि एकट्यानं उचला. लगेच पुन्हा आडवी करा, पुन्हा उचला. पाचव्या वेळी कंबर बोलायला लागली तर ती गाडी तुमची नव्हे. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० दोनशे किलोच्या जवळपास आहे. लांबच्या प्रवासाला फार चांगली, पण मऊ वाळूत दिवसातून आठदा उचलायला नाही.

हवेची चूक

रस्त्याची हवा ठेवूनच वाळूत उतरतात आणि मग "गाडी रुतते" म्हणतात. हलक्या डर्ट बाइकला वाळूत साधारण १२ ते १४ पीएसआय, दगडाच्या वाटेवर १५ ते १८. जड ड्युअल-स्पोर्टला त्याहून दोन-तीन जास्त ठेवा. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो.

पण रिम-लॉक (टायर रिमला आतून घट्ट धरणारा तुकडा) नसताना इतकी हवा कमी केली तर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब फिरते आणि व्हॉल्व मुळापासून तुटतो. म्हणून आधी मागच्या चाकाला रिम-लॉक बसवा. पाठीवरच्या पिशवीत हातपंप आणि गेज हवंच, कारण परतीच्या डांबरी रस्त्यावर कंपनीनं सांगितलेली हवा भरायची असते. पॅडल टायरचा, म्हणजे वल्ह्यासारखी आडवी पाती असलेल्या टायरचा, मोह तर सोडूनच द्या. तो फक्त वाळूसाठी. जांभ्यावर त्याची पाती फाटतात.

सगळ्यात महाग चूक: एअर फिल्टर

मी पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा टाकी चकचकीत, प्लास्टिक नवं, आवाज सुरेल. एअरबॉक्स उघडून पाहिला नाही. दोन महिन्यांनी सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर सुरू झाली, मग निळसर धूर. इंजिन उघडलं तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा होत्या, नख फिरवलं की अडकावं इतक्या खोल. फोमच्या कडेला ग्रीस नव्हतं आणि तिथल्या फटीतून आधीच्या मालकाच्या काळापासून वाळू आत जात होती. सिलिंडर, पिस्टन, रिंगा, सगळं नवं घालावं लागलं.

तेव्हापासून जुनी गाडी बघायला गेलो की खिशात पांढरं सुती फडकं असतं. सीट काढायची, फिल्टर बाहेर घ्यायचा, फडकं बोटाला गुंडाळून इनटेकच्या रबरी नळीत आतून फिरवायचं. फडक्यावर तांबडा डाग आला किंवा दोन बोटांत चोळल्यावर करकर लागली, तर किंमत न विचारता घरी यायचं.

आपली तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते, वाळू जाड. दोन्ही अडवायच्या तर तेल लावलेला फोम फिल्टर लागतो. धुताना पेट्रोल वापरू नका, फोमचा डिंक सुटतो. रॉकेलमध्ये दाबून धुवा, मग साबणाच्या कोमट पाण्यात. पिळायचं नाही. सावलीत पूर्ण सुकल्यावर फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं चोळा, कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. वाळूचा दिवस असेल तर दुसरा तयार फिल्टर पिशवीत न्या आणि दुपारी बदला. रोजच्या गाड्यांतला कागदी फिल्टर धुता येत नाही, तो बदलायचाच.

गाडी घेतली, पण नीट चालत नाही

*वाळूत हँडल थडथड हलतं.* बहुतेक वेळा चूक गाडीची नसते. चालवणारा घाबरून थ्रॉटल सोडतो, वजन पुढच्या चाकावर येतं आणि ते रुततं. फूटपेगवर उभे राहा, कंबर मागे न्या, थ्रॉटल धरून ठेवा, पुढचा ब्रेक विसरा. हँडल थोडं हलणारच, मुठीत आवळू नका. तरीही त्रास असेल तर मागचा सॅग, म्हणजे तुमच्या वजनानं सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना मागच्या एक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या, मग सगळा पोशाख घालून बसल्यावर पुन्हा घ्या. सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या सुमारे एक तृतीयांश फरक आला तर ठीक. वाळूसाठी तो थोडा वाढवला की पुढचं चाक हलकं होतं. पाणंदीत परतल्यावर पुन्हा पहिल्यासारखं करा, नाहीतर वळणं जड जातील.

*चढावर दम तुटतो.* लगेच इंजिनला दोष देऊ नका. पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दातानं लहान करून बघा. मागचे तीन दात वाढवल्याइतका फरक पडतो आणि खर्च अगदी थोडा. मागचा मोठा हवाच असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नमुना घेऊन गेल्यावर बनवून मिळतो, इंजिनखालची जाड अॅल्युमिनियमची पाटही तिथेच.

*क्लचचा वास येतो.* रुतलेली गाडी क्लचवर खेचली आहे. उतरा, गाडी बाजूला आडवी करा, चाकाखालचा खड्डा वाळूनं भरू द्या, मग उभी करून दुसऱ्या गिअरमध्ये शेजारी चालत बाहेर काढा.

*चेन दर दोन राइडला सैल होते.* ओलं, चिकट ल्यूब वाळू धरून ठेवतं आणि चेन कानसीसारखी घासली जाते. वाळूच्या दिवशी कोरडं ल्यूब, तेही आदल्या रात्री.

कुठे चालवू नये

गोव्याचा किनारा आपल्याला जवळ, म्हणून वाळूचा सराव तिथे करायचा विचार येतो. तो सोडा. किनाऱ्यावर गाडी घालणं तिथे गुन्हा आहे, मोरजी-गालजीबागच्या वाळूत कासवं अंडी घालतात. भीमगड अभयारण्यातल्या आणि राखीव जंगलातल्या वाटाही आपल्या नव्हेत. चार गाड्यांनी केलेल्या आगाऊपणामुळे सगळ्यांसाठी फाटक बंद होतं. पाणंदीतून जाताना समोर बैलजोडी आली तर इंजिन बंद करून थांबा. भाताच्या बांधावर चाक घालू नका, पावसात तो बांध तिथूनच फुटतो.

राहिलं नदीचं पात्र. गावातल्या शेतकऱ्याला विचारून उतरा, आणि गाडी घालण्याआधी एकदा चालत जा. वाळू काढलेले खड्डे वरून सपाट दिसतात, पण आत कमरेइतकी मऊ, ओली वाळू असते. पंपाचे पाइप वाळूखालून गेलेले असतात. जिथे काठी सहज हातभर आत जाते तिथे एक फांदी रोवून ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्यालाही कळेल.