पडलेल्या झाडाच्या फळ्या काढताना

सोलापुरात वळवाच्या वाऱ्याने कडुनिंब किंवा बाभूळ उन्मळून पडली, तर मालकाच्या परवानगीने तिचे सरळ खोड राखून ठेवावे. चेनसॉला (यंत्रावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीला) फळ्या कापण्याची चौकट जोडली, की त्यातून उत्तम जाड फळ्या निघतात आणि असे लाकूड चुलीत जाताना पाहून खरोखर वाईट वाटते. येथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि लाकूड टोकांकडून सर्वांत वेगाने वाळते, म्हणून ओंडका आणला त्याच दिवशी दोन्ही टोकांना ऑइलपेंटचा किंवा वितळलेल्या मेणाचा जाड थर द्यावा, अन्यथा टोकांपासून आत भेगा पडत जातात. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे रुतलेले असू शकतात. ते आधी शोधून काढावेत. पहिल्या कापासाठी चौकट सरळ सरकावी म्हणून ओंडक्यावर सरळ शिडी घट्ट बसवावी, कारण पुढच्या सर्व फळ्यांचा सपाटपणा त्याच कापावर अवलंबून असतो. लांबीच्या दिशेने कापायचे असल्याने करवतीच्या साखळीचे दाते सुमारे 10 अंशांच्या कोनात घासलेले असावेत. आडव्या कापाच्या नेहमीच्या साखळीने पृष्ठभाग खडबडीत येतो. डोळे, कान व नाक झाकूनच काम करावे. फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्यात आणि वर वजन ठेवावे.