स्कॅनर सारखा लॉगआउट व्हायचा

वेर्ण्याच्या आमच्या गोदामात हँडहेल्ड स्कॅनर दर थोड्या वेळानं पासवर्ड मागायचे. अर्धं पॅलेट मोजून झालेलं, पुन्हा ग्लोव्ह्ज काढा, टाइप करा. पावसाळ्यात घामट बोटांनी तर वैतागच! मी आधी वायफायला शिव्या घातल्या. पण मुख्य दोष तिथं नव्हता. १५ मिनिटं काही संदेश आला नाही की सर्व्हर सेशन (चालू लॉगिन) बंद करायचा, आणि स्कॅनर स्क्रीन बंद करून ट्रॉलीवर पडून राहिला की अँड्रॉइडचा डोझ (६ व्या आवृत्तीपासूनची बॅटरी वाचवायची सोय) ॲपचं नेटवर्कच रोखायचा. मग 'मी जागा आहे' हा ॲपचा निरोप पोचणार कसा?

ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळलं. मागच्या रॅकांकडे वायफाय लंगडंच, म्हणून मर्यादा ४५ मिनिटं केली. स्क्रीनला २ मिनिटांनी पिनचं कुलूप. पाळी संपली की मात्र सेशन सक्तीनं बंद. त्यावर कुरकुर झाली, मी ऐकली नाही.